पेलेट स्टोव्ह पेटतो, पण मध्येच विझतो : काळी काच, मंद ज्योत आणि राखेने तुंबलेली वाट

लक्षणे

पेलेट स्टोव्हच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्या (पेलेट) जाळणाऱ्या शेगडीच्या, तक्रारींपैकी सर्वाधिक वेळा येणारी आणि दुरुस्त करूनही पुन्हा डोके वर काढणारी तक्रार एकच असते : स्टोव्ह पेटतो, काही वेळ नीट चालतो आणि मग ज्योत मंदावून आपोआप बंद पडतो. बंद पडणे हा मात्र या बिघाडाचा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी कित्येक दिवस लक्षणे दिसत असतात आणि ती बहुधा ठरावीक क्रमानेच येतात.

सुरुवात काचेपासून होते. स्टोव्ह ठीक असेल तर काचेवर दोन-तीन दिवसांत फिकट करडा किंवा तपकिरी थर धरतो आणि तो कोरड्या फडक्याने सहज पुसला जातो. हवा कमी पडू लागली की तीच काच काही तासांत काळीकुट्ट होते आणि बोट फिरवल्यास काजळी बोटाला लागते. त्यानंतर ज्योत बदलते. आखूड, चपळ आणि पिवळसर पांढरी असायला हवी ती ज्योत उंच, नारिंगी आणि संथ होते, डुलत राहते आणि तिच्या टोकाशी धूर दिसतो. बर्न पॉटमध्ये, म्हणजे पेलेट ज्या छिद्रांच्या पात्रात जळतात त्यात, पेलेटचा ढीग साचू लागतो. राखपेटीत अर्धवट जळालेले काळे पेलेट सापडतात आणि राख फिकट करडी न राहता गडद होते. स्टोव्ह पेटायला जास्त वेळ लागतो, पेटताना आतली पेटी पांढऱ्या धुराने भरते, आणि अखेर दाबाचा किंवा ज्योत विझल्याचा इशारा दाखवून यंत्र थांबते. बाहेरच्या भिंतीवर धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, म्हणजे व्हेंटच्या, तोंडाभोवती काळा ओघळ दिसत असेल तर तोही याच मालिकेतला समजावा.

येथे एक भेद आधीच करून घ्यावा, कारण त्यावर पुढची सगळी दिशा ठरते. स्टोव्ह विझल्यावर तो थंड होऊ द्यावा आणि बर्न पॉटमध्ये पाहावे. पात्र रिकामे आणि काच तुलनेने स्वच्छ असेल तर इंधन पोहोचलेले नाही : पेलेट साठवण्याचा हॉपर रिकामा झाला आहे, पेलेट एकमेकांत अडकून खाली पोकळी तयार झाली आहे, किंवा पेलेट पुढे ढकलणारा ऑगर अडकला आहे. पात्र भरलेले आणि काच काळी असेल तर इंधन पुरेसे होते, हवा नव्हती. हा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

हवा कुठून कुठे जाते

लाकडाच्या चुलीत गरम हवा वर चढते आणि धूर आपोआप निघून जातो. पेलेट स्टोव्हमध्ये हे काम विजेवर चालणारा एक्झॉस्ट पंखा करतो. तो जळणाच्या पेटीतली हवा खेचतो. त्यामुळे बाहेरची हवा प्रवेशनळीतून आत येते, बर्न पॉटच्या छिद्रांतून वर उठते, ज्योतीला प्राणवायू देते, उष्णता-विनिमयाच्या नळ्यांना तापवते, आडव्या पत्र्यांमागून खाली वळते, राख साठण्याच्या कप्प्यांतून पंख्यापर्यंत पोहोचते आणि पंखा तिला व्हेंटमधून बाहेर ढकलतो. पंख्याच्या आधीच्या सगळ्या भागात दाब खोलीपेक्षा कमी असतो आणि पंख्याच्या पुढे जास्त असतो. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की बहुतेक तपासण्यांचा अर्थ आपोआप लागतो. पंख्याच्या आधी कुठे फट असेल तर खोलीतली हवा आत शिरते आणि ज्योतीला वळसा घालून निघून जाते. पंख्याच्या पुढे फट असेल तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतात.

आता राखेचा हिशेब पाहू. आयएसओ १७२२५-२ या मानकानुसार ए१ दर्जाच्या लाकडी पेलेटमध्ये राखेचे प्रमाण ०.७ टक्क्यापर्यंत चालते, ए२ मध्ये १.२ टक्क्यापर्यंत आणि बी दर्जात २ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ए१ दर्जाच्या १५ किलोच्या पिशवीतून फार तर १०५ ग्रॅम राख निघेल. हा आकडा किरकोळ वाटतो, पण ही राख पिठाहून हलकी असते आणि तिचा बराच भाग राखपेटीत न पडता हवेबरोबर पुढे जातो. जिथे वाट वळते किंवा रुंद होते, तिथे हवेचा वेग कमी होऊन ती खाली बसते. नेमक्या या जागा समोरचे दार उघडून दिसत नाहीत. काच पुसून आणि पात्र खरवडून स्टोव्ह 'साफ' केला जातो, तो चार दिवस बरा चालतो आणि तक्रार परत येते, याचे कारण एवढेच की निम्मी वाट अजून तुंबलेलीच असते. अशा वेळी पेलेट पेटवणारी नवी इग्नाइटर कांडी किंवा नवे कंट्रोल बोर्ड विकत घेण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या अनुभवात या लक्षणांच्या मुळाशी बोर्ड क्वचितच सापडतो. राख जवळजवळ नेहमी सापडते.

हात लावण्यापूर्वी

स्टोव्ह नेहमीच्या बटणाने बंद करावा आणि पंखे स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहावी. चालू स्टोव्हचा प्लग ओढल्यास एक्झॉस्ट पंखा तत्काळ थांबतो आणि पेटीतला धूर खोलीत येऊ शकतो. वीज अचानक गेल्यावर घरात धुराचा वास येतो त्याचेही कारण हेच असते, त्यामुळे त्या वासाचा या बिघाडाशी संबंध जोडू नये. स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यानंतर प्लग काढावा आणि काम संपेपर्यंत तो काढलेलाच ठेवावा.

राखेखाली दडलेला निखारा एक दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ जिवंत राहतो. म्हणून राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यातच काढावी आणि तो डबा घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर, भिंतीपासून तीनएक मीटर दूर ठेवावा. प्लॅस्टिकची बादली किंवा कागदी पिशवी यासाठी कधीही वापरू नये. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको : त्याच्या गाळणीतून बारीक राख आरपार जाऊन खोलीभर पसरते आणि एखादा निखारा ओढला गेला तर धुळीची पिशवीच पेट घेते. राखेसाठी बनवलेला, धातूच्या टाकीचा व्हॅक्यूम मिळतो, तो वापरावा. नाकातोंडावर मास्क हवाच.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी पेलेटची. मूठभर पेलेट हातात घेऊन त्यांतला एक मोडून पाहावा. कोरडा पेलेट कट् असा आवाज करून तुटतो आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, थोडा चकाकणारा असतो; दमट पेलेट फुगलेला आणि निस्तेज दिसतो, त्यावर आडव्या भेगा असतात आणि तो बोटांतच चुरतो. मानकानुसार आर्द्रता १० टक्क्यांच्या आत हवी. दमट पेलेट जळताना आधी स्वतःतले पाणी उडवतात, पेटी थंड पडते आणि काजळी वाढते. पिशवीच्या तळाशी भुसा किती आहे तेही पाहावे, कारण भुसा बर्न पॉटची छिद्रे बुजवतो आणि हॉपरच्या तळाशी, ऑगरच्या तोंडाशी दाटून बसतो. शंका आल्यास दुसऱ्या खेपेच्या, शक्य तर दुसऱ्या उत्पादकाच्या एका पिशवीवर दिवसभर स्टोव्ह चालवून पाहावा. ज्योत सुधारली तर पुढचा बराच खटाटोप वाचतो. मात्र हॉपर आधी पूर्ण रिकामा करावा, नाहीतर जुन्या-नव्याच्या मिश्रणातून काहीच निष्पन्न होत नाही.

दुसरी तपासणी खिडकीची. स्टोव्ह चालू असताना आणि ज्योत मंद असताना त्याच खोलीतली एक खिडकी उघडावी आणि पाच-दहा मिनिटे ज्योतीकडे पाहावे. ज्योत आखूड आणि उजळ झाली तर दोष स्टोव्हमध्ये नसून खोलीत आहे : घर फार बंदिस्त आहे, किंवा स्वयंपाकघरातला अथवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा आणि स्टोव्ह यांची एकाच हवेवरून ओढाताण चालली आहे. अशा घरात स्टोव्हला बाहेरून स्वतंत्र हवानळी देणे हाच कायमचा उपाय आहे. ती नळी आधीच असेल तर तिचे बाहेरचे तोंड तपासावे. गांधीलमाशांचे घरटे, वाळलेली पाने, कोळ्यांची जाळी आणि बर्फ हे तिथले नेहमीचे पाहुणे असतात.

तिसरी बाब मांडणीची. काही स्टोव्हना हवा कमी-जास्त करणारी सरकपट्टी असते आणि साफसफाई करताना ती नकळत बंद बाजूला सरकते. शिवाय स्टोव्ह आठवडेच्या आठवडे सर्वांत कमी आचेवर चालवण्याची सवय काजळीला आमंत्रण देते, कारण कमी आचेवर पंखाही हळू फिरतो आणि राख वाटेतच बसते. अधूनमधून अर्धा-एक तास मोठ्या आचेवर चालवल्यास सैल काजळी बरीचशी जळून किंवा उडून जाते. तुंबलेला स्टोव्ह मात्र या उपायाने मोकळा होत नाही, आणि तशा अवस्थेत आच वाढवणे म्हणजे आधीच भरलेल्या पात्रात आणखी पेलेट ओतणे.

बर्न पॉट

हे पात्र बाहेर काढून साफ करायचे असते. जागेवरच खरवडणे पुरेसे नाही. उजेडासमोर धरून प्रत्येक छिद्र पाहावे. वरून मोकळे दिसणारे छिद्र खालच्या बाजूने कडक थराने अर्धे बुजलेले असते, आणि ते फक्त पात्र उलटे केल्यावर दिसते. छिद्राच्या मापाचे ड्रिलचे पाते हातात धरून फिरवल्यास छिद्र मूळ मापाचे होते. ते ड्रिल यंत्राला लावून छिद्र मोठे करू नये, कारण हवेचा झोत किती वेगाने वर यावा याचा हिशेब त्याच मापावर बसवलेला असतो.

पात्रात काचेसारखे कठीण खडे, म्हणजे खंगर, मिळत असतील तर राख वितळते आहे असा अर्थ होतो. लाकडाबरोबर साल, माती किंवा वाळू आली की राखेतली सिलिका आणि पोटॅशियमसारखी अल्कली द्रव्ये मिळून कमी तापमानाला वितळणारे मिश्रण तयार होते. पेंढ्याच्या किंवा शेतातील इतर टाकाऊ मालाच्या पेलेटमध्ये हा त्रास फार असतो. खंगर रोजच्या रोज होत असेल तर छिद्रे कितीही साफ केली तरी उपयोग नाही, पेलेट बदलावे लागतात. क्वचित होत असेल तर मात्र पात्रात आधीपासूनच हवा कमी पडते आहे का हे पाहावे, कारण राखेचा ढीग साचून राहिला की तोच तापून वितळतो आणि छिद्रांवर झाकण बसवतो.

पात्र परत ठेवताना एक बारीकशी गोष्ट नडते. ज्या बैठकीवर ते बसते तिच्यावर राखेचा एखादा खडा राहिला तर पात्राची एक कड केसभर उचलली जाते. डोळ्याला काही दिसत नाही, परंतु हवा छिद्रांतून वर येण्याऐवजी त्या फटीतून निघून जाते आणि पात्र चकचकीत असूनही ज्योत डुलत राहते. म्हणून बैठक पुसावी, पात्र बसवून बोटाने चारी कोपरे दाबावेत, आणि ते डगमगत असेल तर पुन्हा काढावे. पात्राखालच्या कप्प्यातली राख याच वेळी ओढून घ्यावी आणि इग्नाइटरसमोरचे छिद्र मोकळे आहे ना ते पाहावे. उशिरा पेटण्याच्या तक्रारींपैकी कितीतरी तिथेच मिटतात.

दारे आणि गॅस्केट

दाराच्या कडेला फट बुजवणारे, काचतंतूंच्या दोरीचे गॅस्केट असते. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती चांगली अडखळत आली पाहिजे. सहज निसटली तर त्या ठिकाणी गॅस्केट दबलेले आहे. दाराभोवती सात-आठ ठिकाणी, आणि राखपेटीच्या दारालाही, ही चाचणी करावी. बिजागरीच्या बाजूला गॅस्केट आधी दबते आणि तिकडेच कोणी पाहत नाही. हॉपरचे झाकणही याच यादीत येते, कारण पुष्कळ स्टोव्हमध्ये हॉपर जळणाच्या पेटीशी ऑगरच्या नळीने जोडलेला असतो आणि झाकणाच्या फटीतून आलेली हवा तिकडून आत जाते.

दारातून हवा शिरली की पेटीतला दाब पुरेसा खाली जात नाही आणि त्या दाबावर लक्ष ठेवणारा व्हॅक्यूम स्विच ऑगर बंद करतो. व्हेंट अगदी स्वच्छ असूनही स्टोव्ह तुंबल्यासारखा वागतो तो यामुळे. नवी दोरी त्याच जाडीची घ्यावी, जुना चिकटा पूर्ण खरवडावा, उष्णता सोसणारा डिंक लावावा आणि दोरी ताणून न बसवता सैलसर बसवावी. ताणलेली दोरी बारीक होते आणि फट तशीच राहते.

व्हॅक्यूमची नळी

पेटीतून किंवा पंख्याच्या जवळून एक बारीक रबरी नळी व्हॅक्यूम स्विचकडे जाते. राख तिच्या मुळाशी, जिथे ती धातूच्या टोकावर बसवलेली असते तिथे, बूच घालते. नळी स्विचच्या बाजूने काढावी, तडे गेले आहेत का ते पाहावे आणि धातूचे टोक बारीक तारेने मोकळे करावे. नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात फुंकर मारू नये, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच सोडू नये. आतला पातळ पडदा फाटतो आणि चालू स्थितीतला स्विच बाद होतो. स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून स्टोव्ह 'चालता' करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. धूर बाहेर जात नसताना पेलेट पडणे थांबवणे हेच त्या स्विचचे काम आहे.

पत्र्यांमागची राख

खरा मुक्काम इथे असतो. जळणाच्या पेटीच्या मागच्या भिंतीला सुटे होणारे पत्रे किंवा विटांसारखे तक्ते असतात. ते कसे निघतात हे सूचनापुस्तिकेत पाहूनच काढावेत, कारण ओतीव लोखंडाचा पत्रा उचलून खाचेतून सोडवायचा असतो, तर व्हर्मिक्युलाइट या उष्णता सोसणाऱ्या खनिजाचा तक्ता ओढला की तुटतो. त्यांच्यामागे उष्णता-विनिमयाच्या नळ्या, आणि खाली दोन्ही बाजूंना राखेचे कप्पे असतात. कित्येक स्टोव्हमध्ये या कप्प्यांची झाकणे एखाद-दुसऱ्या स्क्रूने बसवलेली असतात आणि राखपेटीच्या मागे लपलेली असतात. घर घेतल्यापासून ती एकदाही उघडलेली नाहीत असे स्टोव्ह मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत राख नुसती साचलेली नव्हती, तर दमटपणा पिऊन तिची घट्ट वडी झाली होती.

नळ्या ब्रशने घासाव्यात, कप्पे व्हॅक्यूमने ओढावेत, आणि मग रबरी हातोडीने पेटीच्या मागच्या व बाजूच्या भिंतींवर हलके ठोके द्यावेत. आता काही उरले नाही असे वाटत असताना ठोक्यांबरोबर वाळूच्या घड्याळासारखी राखेची धार कोपऱ्यातून सुरू होते. ती थांबेपर्यंत ठोकणे आणि ओढणे आळीपाळीने चालू ठेवावे. घाई करण्याची ही जागा नव्हे. दोन दिवसांत परतणारी तक्रार आणि हंगामभर न येणारी तक्रार यांतला फरक बहुधा याच अर्ध्या तासात पडतो.

काही अनुभवी मंडळी व्हेंटच्या बाहेरच्या तोंडाला पाने ओढणारे ब्लोअर यंत्र लावून सगळी राख एकदम बाहेर खेचतात. ही युक्ती चालते, पण काही अटींवर : स्टोव्ह आदल्या दिवसापासून थंड असावा, प्लग काढलेला असावा, व्हॅक्यूमची नळी स्विचपासून सोडवलेली असावी, यंत्र ओढण्याच्याच बाजूने लावलेले असावे आणि राखेचा लोट शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जाणार नाही असे पाहावे. यंत्र उलटे लागले तर तीच राख बैठकीच्या खोलीत येते. वडी झालेली राख मात्र याने निघत नाही; ती ब्रशनेच काढावी लागते.

व्हेंट

बाहेरून सुरुवात करावी. टोपीला जाळी असेल तर ती तपासावी, कारण पक्षी अडवणारी बारीक जाळी उडती राखही अडवते आणि काही आठवड्यांत तिच्यावर करडी चादर चढते. त्यानंतर स्टोव्हच्या मागे असलेल्या टी-जोडाचे खालचे झाकण उघडावे; खाली धातूचा डबा आधीच धरलेला असावा. उभी नळी जिथे आडव्या नळीला मिळते तिथे आणि प्रत्येक एल्बोमध्ये, म्हणजे वळणाच्या जोडात, राख बसते. नळीच्या व्यासाचा, साधारणपणे ७५ ते १०० मिलिमीटरचा ब्रश लवचिक दांड्यावर लावून पूर्ण लांबी घासावी. एक टनाच्या आसपास पेलेट जळाल्यावर, आणि कमी जळत असतील तर हंगामातून एकदा तरी, हे काम करावे. हंगाम संपताना केल्यास अधिक चांगले, कारण राख अल्कधर्मी असते आणि पावसाळी किंवा दमट दिवसांत ओलावा ओढून पत्रा खाते.

व्हेंट साफ असूनही तक्रार राहिली तर त्याची मांडणी मोजून पाहावी. उत्तर अमेरिकेतील स्टोव्हच्या पुस्तिकांत यासाठी एक सोपा हिशेब असतो : ९० अंशांचा प्रत्येक एल्बो किंवा टी म्हणजे ५ फूट, ४५ अंशांचा म्हणजे ३ फूट, आडव्या नळीचा प्रत्येक फूट म्हणजे १ आणि उभ्या नळीचा अर्धा. बेरीज १५ च्या वर गेली तर ३ इंचांच्या नळीऐवजी ४ इंचांची नळी लागते. एक टी, एक एल्बो, चार फूट आडवी आणि सहा फूट उभी नळी घेतली तर ५, ५, ४ आणि ३ मिळून १७ होतात. दिसायला साधी असलेली ही मांडणी ३ इंचांच्या नळीला जड जाते. अशा घरात स्टोव्ह पहिल्या दिवसापासून काठावर चालत असतो आणि थोडीशी राख जमली तरी बंद पडतो. आपल्या स्टोव्हची मर्यादा कोणती, हे त्याच्याच पुस्तिकेवरून ठरवावे.

नळीचे जोड सुटे केले असतील तर ते परत बसवताना उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने किंवा नळीच्या उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने बंद केलेच पाहिजेत. पंख्याच्या पुढचा हा भाग दाबाखाली असतो, हे वर आलेच आहे. जोडाभोवती करड्या राखेची रेघ दिसणे म्हणजे तिथून धूर गळतो आहे.

एक्झॉस्ट पंखा

येथवर सगळे केले आणि ज्योत अजून मंद असेल तरच पंखा काढावा. तो चार-सहा स्क्रूंवर असतो आणि त्याच्या बैठकीत एक गॅस्केट असते, जे काढताना बहुतेक फाटते. म्हणून नवे गॅस्केट हातात असल्याशिवाय पहिला स्क्रू सैल करू नये. पात्यांवर राखेचा आणि काजळीचा थर बसला की पंखा फिरतो पण हवा कमी खेचतो, आणि थर असमान असेल तर गुरगुरतो. मऊ ब्रशने पाती एकेक करून साफ करावीत, एकही वाकू देऊ नये, आणि पंख्याच्या घरातली राख ओढून घ्यावी. बोटाने फिरवल्यावर पंखा निर्वेध फिरून सावकाश थांबला पाहिजे. खरखरत असेल किंवा लगेच अडकत असेल तर बेअरिंग गेले आहे आणि मोटर बदलावी लागेल. तेलाची छिद्रे नसलेल्या मोटरीत तेल सोडून काही साधत नाही. खोलीत गरम हवा सोडणारा दुसरा पंखा वेगळा असतो. त्यावरची धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस काढून टाकावेत, कारण तो मंदावला तर स्टोव्ह जास्त तापून सुरक्षा-स्विचमुळे बंद पडतो आणि लक्षणे एकमेकांत मिसळतात.

हात थांबवण्याची वेळ

कार्बन मोनॉक्साइडचा इशारा वाजला, किंवा स्टोव्ह चालू असताना घरातल्या माणसांना डोकेदुखी, मळमळ किंवा गरगरणे सुरू झाले, तर तपासण्या करत बसू नये. सर्वांनी बाहेर पडावे, बाहेरूनच मदत बोलवावी आणि कारण सापडेपर्यंत स्टोव्ह पेटवू नये. या वायूला वास नसतो, त्यामुळे धुराचा वास येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे मानता येत नाही. पेलेट स्टोव्ह असलेल्या घरात, झोपण्याच्या खोल्यांजवळ, चालू स्थितीतला डिटेक्टर असणे अनिवार्य समजावे. हॉपरमधून धूर येत असेल तर झाकण उघडू नये, कारण आत गेलेली हवा आगीला मिळते. व्हेंटमधून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला किंवा नळी लाल झाली तर आत काजळी पेटली आहे. तेव्हा घर रिकामे करून अग्निशमन दलाला बोलवावे, आणि विझल्यानंतरही पूर्ण तपासणी होईपर्यंत ती नळी वापरू नये.

याखेरीज काही कामे घाईची नसली तरी घरी करण्याची नाहीत. भिंतीच्या आत असलेला व्हेंटचा जोड गळत असेल, छपरावर चढल्याशिवाय टोपीपर्यंत पोहोचता येत नसेल, नळीच्या आत ब्रशने न निघणारा, डांबरासारखा चकाकणारा काळा थर असेल, पेटीच्या वेल्डिंगला किंवा उष्णता-विनिमयाच्या नळ्यांना तडा दिसत असेल, तारा करपलेल्या असतील किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर जाणकार तंत्रज्ञालाच बोलवावे. वर सांगितलेली सगळी सफाई होऊनही स्टोव्ह बंद पडत असेल तर तेही तंत्रज्ञाचेच काम, कारण आता अंदाज संपले आणि मोजमाप सुरू झाले. तो पेटीतला दाब मॅनोमीटरने मोजेल, ती नोंद उत्पादकाच्या आकड्याशी ताडून पाहील आणि पंखा, स्विच की बोर्ड हे त्यावरून ठरवेल. त्याला बोलावताना कोणता इशारा आला, सफाईनंतर किती तासांनी किंवा दिवसांनी तक्रार परतली, पेलेट कोणते होते आणि काय काय उघडून साफ केले हे लिहून द्यावे, म्हणजे तेच काम तो पुन्हा करणार नाही आणि त्याचे पैसेही द्यावे लागणार नाहीत. स्वच्छ स्टोव्हवर, आच कमी आणि जास्त अशा दोन्ही स्थितींत मोजलेला दाब त्याच्याकडून मागून घेऊन सूचनापुस्तिकेच्या आतल्या पानावर तारखेसह लिहावा. पुढच्या खेपेला तुलना करायला तोच आकडा लागतो.